सगळे एकदम निघतात तेव्हा

शहराच्या ऐन मध्यात उभी असलेली, चाळीस-पन्नास मजली, एकाच वेळी दोन-तीन परिषदा पोटात घेणारी हॉटेलं. त्यांच्याबद्दल काही विचारायचं असेल तर लिहा, असं गेल्या अंकात म्हटलं होतं. पत्रं बरीच आली. मी अशा हॉटेलांत सव्वीस वर्षं काढली. सुरुवात बॉलरूमच्या सेटअपमध्ये, म्हणजे खुर्च्या-टेबलं लावणाऱ्या टोळीत. मग बँक्वेटची, म्हणजे मेजवान्या आणि सभा-समारंभांची, जबाबदारी आली, आणि शेवटची अकरा वर्षं रात्रपाळीची ड्यूटी मॅनेजर होते. जे पाहिलं आणि हाताळलं, त्यावरूनच उत्तरं देते आहे. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : तीन दिवसांच्या परिषदेला गेलो होतो. खोली अडतिसाव्या मजल्यावर, सकाळचं सत्र नऊला. पावणेनऊला लिफ्टसमोर इतकी गर्दी, की दोन दिवस पहिलं भाषण हुकलं. एवढा खर्च करणाऱ्यांना चार लिफ्ट जास्त बसवता आल्या नसत्या का?

तुमची चिडचिड मला अगदी कळते. त्या गर्दीसमोर हात जोडून मी कितीतरी सकाळी उभी राहिले आहे. पण एक लिफ्ट वाढवली की तिचा शाफ्ट तळघरापासून गच्चीपर्यंत प्रत्येक मजल्यावरची जागा खातो. ती लिफ्ट दिवसाचे बावीस तास लागत नाही. लागते ती सकाळी आणि दुपारी, सगळे एकदम निघतात तेव्हा. अशा इमारतीतली जवळपास प्रत्येक अडचण या ‘एकदम’मधून येते. या अंकातली बाकीची उत्तरं वाचताना तुम्हाला ते पुन्हा पुन्हा दिसेल.

हिशेब करून पाहा. वरच्या मजल्यांसाठी सहा लिफ्ट आहेत असं धरा. आत पाटीवर ‘२१ व्यक्ती’ लिहिलेलं असलं, तरी खांद्यावर बॅगा आणि हातात कोट असलेली माणसं बारा-तेराच मावतात. वर जायचं, आठ-नऊ मजल्यांवर थांबत माणसं गोळा करायची आणि खाली यायचं, यात तीन मिनिटं सहज जातात. म्हणजे पंधरा मिनिटांत एका लिफ्टच्या पाच फेऱ्या. सहा लिफ्ट, पाच फेऱ्या, दर फेरीला बारा माणसं : तीनशे साठ. आणि पावणेनऊला दारातून बाहेर पडलेले असतात सहाशे. उरलेल्या दोनशे चाळिसांत तुम्ही होता.

तीन गोष्टी लक्षात ठेवा. भरलेली लिफ्ट तुमच्या मजल्यावर न थांबता निघून जाते, तेव्हा ती बिघडलेली नसते. आतलं वजन ठरावीक हद्दीपलीकडे गेलं, की ती मधले थांबे आपणहून गाळते. दुसरं, खाली जायचं असताना वरचं आणि खालचं अशी दोन्ही बटणं दाबू नका. वर जाणारी लिफ्टही तुमच्यासाठी थांबते आणि सगळ्यांचीच वेळ जाते. तिसरी गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. बऱ्याच हॉटेलांत आता लिफ्टच्या आत मजल्यांची बटणंच नसतात. बाहेरच्या पॅनलवर मजला सांगायचा, मग ते ‘क लिफ्ट’ वगैरे सांगतं. एकाच मजल्याला जाणाऱ्यांना एका लिफ्टमध्ये घातलं की थांबे कमी होतात, म्हणून ही पद्धत आली. न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमधलं मॅरियट मार्क्वीस १९८५मध्ये उघडलं, तिथेही नंतर हीच पद्धत बसवली. पण चार जणांचा घोळका आला आणि एकानेच मजला दाबला, तर यंत्र एकाच माणसाची जागा धरतं. उरलेले तिघे कुणाच्या तरी जागेत घुसतात आणि सगळं गणित कोलमडतं. म्हणून प्रत्येकाने आपला मजला स्वतः दाबायचा, नवरा-बायको असले तरी.

आणि साडेआठला निघा. साडेआठला त्याच लिफ्ट निम्म्या रिकाम्या असतात.

प्रश्न : आमच्या संघटनेच्या वार्षिक सभेत मी अहवाल वाचत असताना शेजारच्या हॉलमधून ढोलासारखा आवाज येत होता. अर्धे लोक ऐकेनासे झाले. मधल्या त्या सरकत्या भिंती नुसत्या दिखाव्याच्या असतात का? आणि दोन तासांपूर्वी तिथे जेवणाची गोल टेबलं होती, ती एवढ्यात गेली कुठे?

हा प्रश्न आला आणि मला फार बरं वाटलं. माझं तरुणपण त्या भिंतींशेजारी गेलं आहे.

मोठी बॉलरूम म्हणजे एकच अखंड, खांब नसलेला हॉल. खांब नको म्हणून हॉल बहुधा उंच मनोऱ्याच्या पोटाखाली न ठेवता शेजारच्या बसक्या भागात बांधतात. चाळीस मजल्यांचं ओझं पेलणारे खांब मधे आले, तर हजार माणसांना व्यासपीठ कसं दिसणार? या अखंड हॉलचे दोन, चार, कधी सहा भाग करणाऱ्या भिंतीला आम्ही ‘एअरवॉल’ म्हणतो. तिची दारांएवढी रुंद, जडशीळ पॅनलं छतातल्या रुळांना टांगलेली असतात. एरवी ती भिंतीतल्या एका कपाटात एकमेकांना चिकटून उभी असतात. दोघं जण एकेक पॅनल ओढत आणतात, आधीच्याला बिलगवतात, मग कडेच्या भोकात हँडल घालून फिरवतात. आतली पट्टी सरकते आणि पॅनलच्या तळाची रबराची कड गालिच्यावर दाबून बसते. खरं काम त्या कडेचं. माझ्या मुकादमाने मला पहिल्याच आठवड्यात शिकवलं : पॅनल बसलं की गुडघ्यावर बसायचं आणि तळहात जमिनीलगत फिरवायचा. वारा लागला तर आवाजही येणार. हँडल आणखी अर्धा फेरा.

घाईत ते राहून जातं. गालिच्याखाली वायर गेली असेल, तर कड तिथे उचलली जाते. कधी रबरच झिजलेलं असतं. पण सगळं नीट बसलेलं असलं, तरी ही भिंत बोलणं अडवते, ढोल नाही. ढोलाचा खर्जातला आवाज गालिच्याखालच्या फरशीतून आणि छताच्या पोकळीतून पलीकडे जातो. त्यावर भिंतीपाशी काहीच उपाय नसतो. उपाय असतो तो वेळापत्रकात. म्हणून करार करताना विक्री विभागाला एक प्रश्न लेखी विचारायचा : ‘त्या दिवशी, त्या वेळेला, आमच्या भिंतीपलीकडे कोण आहे आणि त्यांचा ध्वनिवर्धक आहे का?’ उत्तर येईपर्यंत सही नको. मी बँक्वेटला होते तेव्हा असं विचारणाऱ्या संयोजकांचा मला कधी राग आला नाही. उलट त्यांचं काम चोख व्हायचं.

आता टेबलांचं. प्रत्येक कार्यक्रमाचं एक फंक्शन शीट असतं. किती माणसं, कोणती मांडणी, व्यासपीठ कुठे, दिवे कधी मंद करायचे, सगळं त्यावर. त्या कागदात नसलेली गोष्ट हॉलमध्ये होत नाही, म्हणून तो संयोजकाने स्वतः वाचून सही करावा. जेवणाचा कार्यक्रम संपून सभेची मांडणी होईपर्यंतच्या वेळाला आम्ही ‘टर्न’ म्हणायचो. दीड तासाचा टर्न म्हणजे चैन. पाऊण तासाचेही केले आहेत.

शेवटचा पाहुणा बाहेर पडला की दारं बंद. कापडं टेबलावरून सरळ ओढून गाड्यांत. गोल टेबलांचे पाय मिटून ती कडेवर उभी करायची आणि चाकासारखी घरंगळत न्यायची. नवीन मुलगा टेबल उचलायला गेला, की सगळे एका सुरात ओरडायचे, ‘लोळव, लोळव!’ खुर्च्या दहा-दहाच्या थप्प्यांनी ढकलगाडीवर येतात. रांगा सरळ कशा लावतात, हे कुणी विचारत नाही म्हणून मीच सांगते. बॉलरूमच्या गालिच्यावर ती मोठमोठी वेलबुट्टी असते ना, ती आमची मोजपट्टी. पुढचा डावा पाय पाकळीच्या टोकावर, पुढची रांग पुढच्या पाकळीवर. गालिचा बदलला की महिनाभर आम्ही दोरी धरून रांगा लावायचो. पुढच्या वेळी सभेत बसाल तेव्हा खाली बघा.

प्रश्न : आरक्षण पक्कं, पैसे भरलेले, तरी रात्री साडेअकराला पोहोचल्यावर ‘खोली नाही’ म्हणून दुसऱ्या हॉटेलात पाठवलं. हे कायदेशीर आहे का?

कायद्याचं उत्तर ठिकठिकाणी वेगळं आहे, त्यासाठी तिथल्या वकिलालाच विचारा. रीत मात्र सांगते. काही पाहुणे दर रात्री येतच नाहीत, त्या अंदाजाने खोल्यांपेक्षा थोडी जास्त आरक्षणं घेतली जातात. परिषदेच्या रात्री अंदाज चुकतो, कारण सगळेच येतात. मग जो शेवटी पोहोचतो, त्याची पाठवणी होते. धंद्यात याला ‘वॉक करणं’ म्हणतात. रात्रपाळीत हे काम माझ्याकडे असे आणि त्याइतकं नकोसं काम दुसरं नव्हतं. उशीर होणार असेल तर दुपारीच फोन करून पोहोचण्याची वेळ नोंदवायला सांगा आणि नोंद घेणाऱ्याचं नाव विचारून ठेवा. तरीही पाठवलंच, तर त्या रात्रीचं भाडं, जाण्यायेण्याची गाडी आणि दुसऱ्या दिवशी परत खोली, हे तिन्ही तिथल्या तिथे मागा. मागितलं की बहुतेक ठिकाणी मिळतं.

प्रश्न : मी स्थापत्य अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मोठ्या हॉटेलांची लॉबी वीस-वीस मजले पोकळ का ठेवतात? आणि त्यात हवेत टांगलेले पूल कितपत भरवशाचे असतात?

तू दोन प्रश्न विचारलेस, पण दोन्हींचं उत्तर एका पिढीच्या हॉटेलांत आहे. १९६७मध्ये अटलांटा शहरात हयात रिजन्सी उघडलं. वास्तुविशारद जॉन पोर्टमन. त्यांनी खोल्या एका मोठ्या पोकळीभोवती रचल्या. बावीस मजले उंच चौक, प्रत्येक मजल्याचे सज्जे त्या चौकात उघडणारे, आणि काचेच्या लिफ्ट उघड्यावर वर-खाली जाताना दिसणाऱ्या. तोवर शहरातलं हॉटेल म्हणजे दोन्ही बाजूंना दारं असलेला अंधारा बोळ. आतल्या चौकात पाऊल टाकताच माणसं थबकून वर बघायची. पुढे पोर्टमन यांनी त्याच शहरात ७३ मजल्यांचं पीचट्री प्लाझा उभारलं. ते १९७६मध्ये उघडलं तेव्हा जगातलं सर्वांत उंच हॉटेल होतं. जागा वाया गेली का? मला तसं वाटत नाही. हजार अनोळखी माणसं एका छपराखाली आहेत, हे त्या पोकळीमुळे प्रत्येकाला दिसतं. परिषदेत अर्धं काम तिथेच होतं, सज्जातून कुणीतरी ओळखीचं दिसून.

पुलांचं मात्र नीट लक्ष देऊन वाच. अमेरिकेच्या मिझुरी राज्यातल्या कॅन्सस सिटीतलं हयात रिजन्सी हे चाळीस मजली हॉटेल १९८०मध्ये उघडलं. लॉबीत दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या पातळीवर पूल टांगलेले होते, आणि चौथ्या मजल्याचा बरोबर दुसऱ्याच्या वर. १७ जुलै १९८१ला, शुक्रवारी संध्याकाळी, लॉबीत नाचाचा कार्यक्रम होता आणि खूप गर्दी होती. चौथ्या मजल्याचा पूल सुटला, दुसऱ्यावर कोसळला आणि दोन्ही खालच्या माणसांवर आले. ११४ माणसं गेली, दोनशेहून अधिक जखमी झाली.

कारण तुला वर्गात कधीतरी शिकवतीलच, पण मनात चित्र आत्ताच पक्कं कर. मूळ आराखड्यात छतापासून निघालेली एकच अखंड सळई दोन्ही पुलांतून जात होती. छताला बांधलेल्या एका दोराला दोघे जण वर-खाली लोंबकळत आहेत असं समज. दोघांचा भार दोराला, पण प्रत्येकाच्या मुठीला फक्त स्वतःचा. बांधताना सोय म्हणून सळईचे दोन तुकडे केले. एक छतापासून वरच्या पुलापर्यंत, दुसरा वरच्या पुलापासून खालच्यापर्यंत. आता खालचा माणूस दोराला नाही, वरच्याच्या पायाला लोंबकळतो आहे. वरच्याच्या मुठीला दोघांचं वजन. तसंच वरच्या पुलाच्या तुळईखालच्या नटवर दुप्पट भार आला. त्यात मूळ जोडसुद्धा नियमांना लागणाऱ्या ताकदीचा नव्हता, असं तपासात निघालं. कागदावर बदल छोटा दिसत होता. मंजुरी मिळाली, पण त्या जोडाचं गणित नव्याने कुणी केलं नाही. जबाबदार अभियंत्यांचे मिझुरी राज्यातले परवाने गेले.

तुझ्या प्रश्नाचं सरळ उत्तर : नीट आखलेला, तपासलेला टांगता पूल भरवशाचा असतो. पण सोयीसाठी जोड बदलायचा प्रस्ताव कुणी तुझ्या टेबलावर ठेवला, तर त्या दिवशी घरी उशिरा जा आणि गणित पुन्हा कर.

प्रश्न : सकाळी सव्वासातला शॉवरला गरम पाणी येईना. शिवाय मोठ्या हॉटेलांच्या पाण्यातून न्यूमोनिया होतो असं ऐकलं. खरं आहे का?

सव्वासात म्हणजे पुन्हा तेच, सगळे एकदम. उंच इमारतीत पाणी एकाच नळाने खालपासून वरपर्यंत नेता येत नाही. दर दहा मीटर उंचीला साधारण एक बार दाब वाढतो, म्हणजे चाळिसाव्या मजल्याला पुरेल असं पाणी खालच्या खोलीत नळ फोडून बाहेर येईल. म्हणून मजल्यांचे गट पाडून प्रत्येकाचा दाब वेगळा सांभाळतात. गटाच्या टोकाच्या खोलीला गरम पाणी उशिरा पोहोचतं. दोन-तीन मिनिटं नळ सोडून ठेवा. तरीही नाही आलं तर फोन करा, सहन करत बसू नका. एका खोलीच्या तक्रारीवरून आम्हाला अख्ख्या गटातला बिघाड सापडल्याचं मी पाहिलं आहे.

न्यूमोनियाचं खरं आहे, आणि तो करणाऱ्या जिवाणूचं नावच एका परिषदेवरून पडलं. जुलै १९७६मध्ये फिलाडेल्फियाच्या मध्यवस्तीतल्या बेलव्ह्यू-स्ट्रॅटफर्ड हॉटेलात अमेरिकन लीजन या माजी सैनिकांच्या संघटनेचं अधिवेशन भरलं होतं. घरी परतल्यावर लोक तापाने, न्यूमोनियाने पडू लागले. अधिवेशनाशी संबंधित १८२ जण आजारी पडले आणि २९ दगावले. हॉटेलबाहेरच्या फुटपाथवरून गेलेल्यांनाही तसाच आजार झाला. कारण सहा महिने कुणालाच कळेना. जानेवारी १९७७मध्ये जिवाणू सापडला, त्याला लीजिओनेला नाव मिळालं. संशय वातानुकूलन यंत्रणेवर गेला. हॉटेल तोवर, नोव्हेंबर १९७६मध्येच, बंद पडलं होतं.

हा जिवाणू कोमट आणि साचलेल्या पाण्यात वाढतो, साधारण २५ ते ४५ अंश सेल्सिअसमध्ये, आणि पाण्याच्या बारीक तुषारांतून छातीत जातो. त्यामुळे गरम पाणी साठवताना ६० अंशांवर ठेवतात, गच्चीवरचे कूलिंग टॉवर साफ करून त्यांत औषध घालतात, आणि रिकाम्या खोल्यांचे नळ ठरावीक दिवसांनी सोडतात. पर्यटक नसलेल्या महिन्यांत आमचा एक माणूस किल्ल्यांचा जुडगा घेऊन याच कामासाठी मजले पालथे घालायचा. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, हा पाणी फुकट घालवतोय. तुम्ही एवढंच करा : खोलीत शिरल्यावर शॉवर हळू सोडा आणि बाथरूमबाहेर थांबून पाणी वाहू द्या. वयस्कर माणसांनी, धूम्रपान करणाऱ्यांनी आणि फुप्फुसं नाजूक असलेल्यांनी जरूर.

प्रश्न : मी एकटी प्रवास करते. तिसाव्या मजल्यावरची खोली मिळाली की आगीच्या भीतीने झोप लागत नाही. खालची खोली मागावी का?

मागा. त्यात संकोच कसला? अग्निशमन दलाची नेहमीची शिडी तीसेक मीटरपर्यंत जाते, म्हणजे सात-आठ मजले. त्याच्या आतली खोली मागणारे जाणते प्रवासी मी पाहिले आहेत, आणि फ्रंट डेस्कला असली मागणी नवी नसते. पण खालची नाही मिळाली तरी तुम्हाला झोप लागावी, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

जुन्या हॉटेलांचा इतिहास भयंकर आहे. अटलांटाच्या वाइनकॉफ हॉटेलात ७ डिसेंबर १९४६ला पहाटे आग लागली. पंधरा मजले, आगीवर आपोआप पाणी फवारणारे स्प्रिंकलर नाहीत, आणि उतरायला एकच उघडा जिना. ११९ माणसं गेली. आणि हॉटेलची जाहिरात ‘अग्निरोधक’ अशी होती. लास व्हेगासच्या एमजीएम ग्रँडला २१ नोव्हेंबर १९८०ला तळमजल्यावर आग लागली. ८५ जण गेले, त्यांतले बहुतेक ज्वाळा पोहोचल्याच नाहीत अशा वरच्या मजल्यांवर. धूर लिफ्टच्या शाफ्टांतून, जिन्यांतून आणि हवेच्या नळ्यांतून वर गेला होता. उंच इमारतीत मारतो तो धूर, हे तिथून सगळ्यांना कळलं. आज तुम्ही राहता त्या हॉटेलात छताला स्प्रिंकलर दिसतात, दारं आपणहून मिटतात, आणि जिन्याचं दार उघडायला जड जातं. जिन्यात बाहेरून हवा भरून दाब वाढवलेला असतो, धूर आत शिरू नये म्हणून. ते जड दार तुमचं मित्र आहे. तिथे खुर्ची अडकवून ते उघडं ठेवलेलं दिसलं, तर लगेच खाली फोन करा.

आता माझ्यासमोरचं सांगते. रात्री पावणेतीनला अलार्म झाला. बॉलरूममागच्या पँट्रीत कापडांचा गठ्ठा धुमसत होता. आग किरकोळ होती, पण एका बाजूचा धूर सर्व्हिसच्या वाटेने वरच्या मजल्यांच्या बोळात शिरला. मी जिन्याने सत्ताविसाव्या मजल्यावर पोहोचले तेव्हा बोळातले दिवे अंधूक पिवळे दिसत होते. धुरातून एक वयस्कर जोडपं वाकून येत होतं. आजींचा डावा हात भिंतीवर, उजव्या हातात आजोबांचं मनगट. आजोबांचा चष्मा खोलीत राहिला होता. आजी मोठ्याने मोजत होत्या : ‘पाच... सहा... सात...’ सातव्या दारानंतर त्यांचा हात जिन्याच्या दांडीवर पडला. संध्याकाळी खोलीत सामान टाकल्याबरोबर त्यांनी दारं मोजून ठेवली होती. मी विचारलं तर म्हणाल्या, ‘आम्ही कुठेही गेलो की मोजतो.’

त्या रात्रीनंतर मी सगळ्यांना हेच सांगत आले. बॅग ठेवा आणि चपला काढायच्या आधी बोळात जा. सर्वांत जवळच्या जिन्यापर्यंतची दारं मोजा, आणि विरुद्ध बाजूच्या जिन्यापर्यंतचीही. खोलीची चावी, चष्मा आणि फोन उशाशी, एकाच जागी. अलार्म झाला तर आधी घोषणा ऐका. मोठ्या हॉटेलांत आगीचा मजला आणि त्याच्या लगतचे मजले आधी रिकामे करतात, म्हणजे जिन्यात सगळे एकदम येत नाहीत. ‘खोलीत थांबा’ अशी सूचना असेल तर थांबणंच बरोबर. दाराला हाताच्या मागच्या बाजूने स्पर्श करा. गरम लागलं किंवा बोळात दाट धूर असला, तर बाहेर पडू नका. दाराच्या फटीत ओला टॉवेल कोंबा, एसी बंद करा, फोनवरून खोलीचा क्रमांक सांगा आणि खिडकीपाशी राहा. अग्निशमन दलाला पहिली यादी द्यायची असते ती अशाच खोल्यांची. माझ्या हातात ती यादी होती त्या रात्री, आणि फोन करून क्रमांक सांगितलेल्या अकरा खोल्या आम्ही एकेक करून उघडल्या.

लिफ्टने जायचं नाही, हे तुम्हाला ठाऊकच असेल.

प्रश्न : मुलीला अशाच एका हॉटेलात बँक्वेट ट्रेनी म्हणून नोकरी लागली आहे. अंगाने बारीक आहे, झेपेल का? काळजी वाटते.

ताई, मी लागले तेव्हा माझ्या आईनेही हेच विचारलं होतं. टेबलं उचलायची नसतात, लोळवायची असतात, हे वर लिहिलंच आहे. पाठ वाचते ती पद्धतीने. थप्पी ओढायची नाही, ढकलायची. वजनदार पॅनलला दोघं हवेतच. एकटीला सांगितलं तर ‘जोडीदार आला की करते’ असं म्हणायला तिला आधीच शिकवून ठेवा. पहिले तीन महिने ती घरी येऊन कुणाशी बोलणार नाही, तिला जेवू द्या आणि झोपू द्या. परिषदेच्या आठवड्यात सुट्टी मिळणार नाही, त्या तारखा महिनाभर आधी फलकावर लागतात. घरातलं कार्य ठरवताना त्या तिला विचारून घ्या.

आणि बूट. गालिच्यावर आणि मागच्या काँक्रीटच्या बोळांत मिळून ती दिवसाला कित्येक किलोमीटर चालेल. हॉटेलने दिलेल्या बुटांवर विसंबू नका. जाड तळाचे, न घसरणारे, अर्धा नंबर मोठे घ्या, कारण संध्याकाळी पाय सुजतात. ते पहिल्या पगाराची वाट न बघता, रुजू व्हायच्या आधीच घ्या, आणि आठवडाभर घरात घालून फिरू दे.